कॉफीच्या कॅप्सूल : शंभराचा बॉक्स मागवावा का?

"साहेब, दहाचं पाकीट महाग पडतं, शंभराचा बॉक्स घेतला तर स्वस्त. घेऊन टाकू का?" असा प्रश्न मला औषधांबद्दल रोज ऐकू येतो. अलीकडे तो कॉफीबद्दलही ऐकू येऊ लागला आहे, म्हणून हा लेख.

हिंगोली हा चहाचा जिल्हा. बसस्टँडवर चहा, मोंढ्यात हळदीचा सौदा झाला की चहा, दवाखान्यात नंबर लागेपर्यंत समोरच्या टपरीवर चहा. कॉफी आपल्याकडे होती, पण ती वेगळी. दुधात अर्धा चमचा पावडर, दोन-तीन चमचे साखर आणि वरून किसलेले जायफळ. पाहुणे आले, उपवास आला किंवा मुलांची परीक्षा आली की होणारी. आता मुले पुण्यात, हैदराबादला, काही तर परदेशात नोकरीला आहेत. दिवाळीला येताना ती आईवडिलांसाठी कॉफीचे मशीन आणतात. मशीनच्या तोंडात एक छोटी बंद डबी टाकायची, बटण दाबायचे, अर्ध्या मिनिटात कपात फेसाळ कॉफी. या डबीला कॅप्सूल किंवा पॉड म्हणतात. मशीन एकदाच येते, कॅप्सूल मात्र पुन्हा पुन्हा मागवाव्या लागतात, आणि तिथेच घाऊक खरेदीचा मोह सुरू होतो.

असे मशीन असलेली घरे आपल्या जिल्ह्यात अजून कमी आहेत, हे मला माहीत आहे. पण दूध-साखर मिसळलेल्या कॉफीच्या पुड्या, ज्यांना 'थ्री इन वन' म्हणतात, त्यांची माळ किंवा मोठा डबा आणून ठेवणारी घरे भरपूर आहेत. प्रश्न दोघांचा एकच आहे. तेव्हा मशीन नसले तरी वाचा.

माझे मत आधीच सांगतो. कॉफी वाईट नाही, मशीनही वाईट नाही. पण घरात कोण किती पिणार आणि कोणाला किती चालते, हे मोजल्याशिवाय शंभराचा बॉक्स मागवू नये. बॉक्स घरासाठी एक येतो, पिणारी शरीरे मात्र चार वेगवेगळी असतात.

कॅप्सूलमध्ये नेमके असते काय?

ही कल्पना स्वित्झर्लंडमधील नेस्ले कंपनीचे अभियंते एरिक फाव्र यांची. १९७६ मध्ये तिचे पेटंट घेतले गेले आणि १९८६ पासून नेसप्रेसो या नावाने कॅप्सूल विकल्या जाऊ लागल्या. हाच ब्रँड भारतात आणत असल्याचे कंपनीने २०२४ मध्ये जाहीर केले. त्याआधीही परदेशातून बॅगेत घालून आणलेली किंवा ऑनलाइन मागवलेली मशीन आपल्याकडे होतीच, आणि आता काही भारतीय कंपन्याही कॅप्सूल बनवतात.

छोट्या कपाच्या एका कॅप्सूलमध्ये साधारण ५ ते ६ ग्रॅम दळलेली भाजकी कॉफी असते. म्हणजे शंभर कॅप्सूलच्या त्या भल्यामोठ्या बॉक्समध्ये कॉफी असते फक्त अर्धा किलो किंवा थोडी जास्त. बाकी सगळे अॅल्युमिनियम किंवा प्लास्टिक आणि पुठ्ठा. समजा एक कॅप्सूल ५० रुपयांना पडली, तर ५ ग्रॅमच्या हिशेबाने तुम्ही कॉफी घेता १० हजार रुपये किलोने. सवलतीत ती ४० ला मिळाली तरी ८ हजार रुपये किलो झालीच. हा हिशेब करून दाखवला की बरेच जण गप्प होतात. पैसे तुमचे आहेत, मी त्यावर बोलणारा कोण? पण 'स्वस्त पडते' हे कारण तरी देऊ नका.

एका गोष्टीसाठी मात्र मी कॅप्सूलची बाजू घेईन. तिच्यात मात्रा ठरलेली असते. घरी पावडर टाकताना कोणी चमचा सपाट घेते, कोणी शीग लावून घेते. कॅप्सूलमध्ये तसे होत नाही. छोट्या कपाच्या साध्या कॅप्सूलमधून सुमारे ५५ ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन पोटात जाते. शिवाय साध्या काळ्या कॉफीच्या कॅप्सूलमध्ये साखर नसते. मधुमेहाच्या माणसाने जायफळाची तीन चमचे साखर घातलेली कॉफी सोडून ही घेतली, तर त्याचा फायदाच आहे.

पण सगळ्या कॅप्सूल सारख्या नाहीत. मोठा मग भरणाऱ्या काही कॅप्सूलमध्ये कॅफिन दीडशे मिलिग्रॅमच्या वर जाते. कॅपुचिनो, लाटे, कॅरॅमल अशा नावाच्या काहींमध्ये दूध पावडर आणि साखर आधीच मिसळलेली असते. तेव्हा बॉक्सच्या पुढच्या बाजूचे फेसाळ चित्र पाहू नका, मागे घटकांची यादी वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. थ्री इन वनच्या पुडीवर यादीत पहिले नाव बहुधा साखरेचे दिसेल. मग ती कॉफीची पुडी नाही, कॉफीचा वास असलेली साखर आहे.

चहा विसरू नका

आपल्याकडे कॉफी चहाच्या जागी येत नाही, चहावर येते. ही गोष्ट परदेशी लेखांत सापडणार नाही. तिकडचा माणूस दिवसाला तीन कॉफी पितो, तर बहुधा तेवढेच पितो. आपला माणूस सकाळी उठल्याबरोबर चहा, नाश्त्यानंतर चहा, दुकानात दोन, संध्याकाळी एक, आणि मुलाने मशीन दिले आहे म्हणून वर दोन कॉफी. आणि मला सांगतो, "साहेब, मी दोनच कॉफी घेतो."

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२४ मध्ये आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यात १५० मिलिलिटर गाळलेल्या कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम, इन्स्टंट कॉफीत ५० ते ६५ आणि चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन असल्याचे सांगितले आहे, आणि दिवसाची मर्यादा ३०० मिलिग्रॅम ठेवा असा सल्ला आहे. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये निरोगी प्रौढांसाठी हीच मर्यादा ४०० धरली होती, एका वेळी २०० पेक्षा जास्त नको असे म्हटले होते. मी आपल्या लोकांना ३०० सांगतो, कारण टपरीवरचा चहा किती उकळलेला असतो हे मला चांगले ठाऊक आहे.

आता वरच्या माणसाचा हिशेब करा. टपरीचा कप लहान असतो म्हणून चहाचे ३५ धरू. पाच चहा म्हणजे १७५, दोन कॅप्सूल म्हणजे सुमारे १२५. झाले ३००. त्याने कॅप्सूल दोनच घेतल्या हे खरे, पण त्याची मर्यादा संपली. तिसऱ्या कॅप्सूलला त्याच्या दिवसात जागा नाही.

एक घर, चार माणसे

तीन-चार घरांचे मिळून एक घर सांगतो. ओळखीचे वाटेल.

आई पंचावन्न वर्षांच्या. थायरॉइड कमी असल्याने रोज सकाळी थायरॉक्सिनची गोळी. मशीन आल्यापासून त्या गोळी घेतात आणि पाच मिनिटांत गरम कॉफी. तीन महिन्यांनी टीएसएच तपासले तर वाढलेले. गोळी तीच, कंपनी तीच, रोज न चुकता घेतलेली. अशा वेळी डॉक्टर डोस वाढवतो आणि रुग्णाला वाटते आजार वाढला. कॉफीमुळे या गोळीचे शोषण कमी होते. इटलीत २००८ मध्ये याचा अभ्यास झाला तो एस्प्रेसो कॉफीवरच, म्हणजे कॅप्सूलमधून येते त्याच प्रकारच्या कॉफीवर. उपाय साधा आहे. गोळी साध्या पाण्याबरोबर, रिकाम्या पोटी, आणि कॉफी किंवा चहा किमान अर्ध्या तासाने, जमल्यास तासाने. यासाठी कॉफी सोडावी लागत नाही, घड्याळ पाहावे लागते.

बाबा साठीचे, रक्तदाबाचे. ज्यांचा रक्तदाब औषधाने आटोक्यात आहे, त्यांच्या एक-दोन कप कॉफीला मी हरकत घेत नाही. पण कॅफिनने रक्तदाब काही तास थोडा वाढतो, विशेषतः ज्यांना कॉफीची सवय नाही त्यांचा. आणि ज्यांचा रक्तदाब १६०/१०० च्या वरच राहतो, त्यांनी जपून असावे. जपानमध्ये १८ हजारांहून जास्त लोकांचा सुमारे १९ वर्षे मागोवा घेतलेला अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एवढा जास्त रक्तदाब असलेल्यांपैकी रोज दोन किंवा जास्त कप कॉफी पिणाऱ्यांत हृदयविकार व पक्षाघाताने मृत्यूचा धोका कॉफी न पिणाऱ्यांच्या दुप्पट दिसला. असा अभ्यास कॉफीनेच मृत्यू झाला हे सिद्ध करत नाही. पण रक्तदाब आटोक्यात येईपर्यंत बॉक्स मागवायला थांबायला हरकत काय? आणि बाबा, दवाखान्यात रक्तदाब मोजायला येण्याआधी अर्धा तास चहा-कॉफी नको. नाहीतर मी तुमच्या कॉफीवर औषध लिहीन.

सूनबाई, चौथा महिना. गरोदरपणात शरीर कॅफिन फार हळू बाहेर टाकते. एरवी पाच-सहा तासांत निम्मे कमी होणारे कॅफिन शेवटच्या तिमाहीत पंधरा तासांपर्यंतही रेंगाळते, आणि ते वारेतून बाळापर्यंत पोहोचते. बाळाच्या यकृताला ते पचवता येत नाही. म्हणून गरोदर स्त्रीने दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आत राहावे, चहा धरून. एक छोटी कॅप्सूल आणि दोन चहा, एवढीच जागा आहे. त्याहून मोठी काळजी रक्ताची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. दोघींत एक, किंवा थोडी जास्तच. चहा आणि कॉफीतील घटक जेवणातल्या लोहाला धरून ठेवतात. १९८३ च्या एका जुन्या पण चांगल्या अभ्यासात जेवणाबरोबर कॉफी घेतली तर लोहाचे शोषण ३९ टक्क्यांनी आणि चहा घेतला तर ६४ टक्क्यांनी घटले. त्यातली मजेची गोष्ट अशी की जेवणाच्या तासभर आधी घेतलेल्या कॉफीने काहीच बिघडले नाही, पण तासभर नंतर घेतलेल्या कॉफीने तेवढेच नुकसान केले जेवढे जेवणाबरोबर घेतल्याने होते. राष्ट्रीय पोषण संस्था जेवणाआधी आणि नंतर किमान तासभर थांबा म्हणते. मी जेवणानंतर आणि लोहाच्या गोळीनंतर दीड-दोन तास सांगतो. जेवण झाले की मशीनचे बटण दाबायचे, ही पाहुण्यांची पद्धत आपल्या घरच्या बायकांसाठी चांगली नाही.

आणि आता चौथी व्यक्ती, जिच्यासाठी खरे तर हा लेख लिहायला घेतला.

मुलगी सतरा वर्षांची, नीटची तयारी. आपल्या जिल्ह्यातून दरवर्षी कितीतरी मुले लातूरला, नांदेडला शिकवणीसाठी जातात. खोली, मेस, टेस्ट सिरीज, आणि आईने बॅगेत भरून दिलेला कॉफीच्या पुड्यांचा डबा. ज्यांच्या घरी मशीन आहे ती मुलगी सुट्टीत घरी आली की रात्री अकराला एक, दीडला एक. बॉक्समध्ये शंभर आहेत, मोजतो कोण? आईला तर कौतुक असते, लेक रात्रभर अभ्यास करते.

अशी मुलगी माझ्याकडे येते तेव्हा तक्रार कॉफीची नसते. छातीत धडधडते, हात कापतात, सकाळी उठवत नाही, डोके दुखते, पोटात जळजळ, वाचलेले लक्षात राहत नाही. घरच्यांना हृदयाची भीती असते, ईसीजी काढून आणलेला असतो, तो ठीक असतो. मग मी हिमोग्लोबिन पाहतो, ते आठ-नऊ निघते. रक्त कमी असले की हृदय आधीच जोरात धावत असते. त्यावर कॅफिनचा चाबूक. आणि जेवणावर लगेच घेतलेली कॉफी जे थोडेफार लोह पोटात गेले तेही शोषू देत नाही. असे हे चक्र आहे.

किशोरवयीन मुलांसाठी युरोपच्या संस्थेने शरीराच्या प्रत्येक किलोमागे ३ मिलिग्रॅम अशी दिवसाची मर्यादा धरली आहे. आपली मुलगी ४५ किलोची. मर्यादा झाली १३५. दोन छोट्या कॅप्सूलमध्ये ती संपते, मेसचा चहा त्याच्या बाहेर. आणि वेळ पाहा. कॅफिनचे प्रमाण निम्मे व्हायला प्रौढात सरासरी पाच तास लागतात. रात्री दीडला घेतलेल्या कॉफीचे निम्मे कॅफिन सकाळी साडेसहालाही रक्तात आहे, म्हणजे क्लासला निघायच्या वेळी. २०१३ मधील एका प्रयोगात झोपेच्या सहा तास आधी घेतलेल्या ४०० मिलिग्रॅम कॅफिननेही झोप तासाहून जास्त कमी झाली. तो डोस मोठा होता, पण तो सहा तास आधीचा होता, आपली मुलगी झोपेच्या तासभर आधी घेते.

वडील विचारतात, "कॉफी बंद केली तर अभ्यास कसा होईल, साहेब?" माझे उत्तर नेहमी तेच. दिवसभर वाचलेले मेंदूत पक्के बसते ते झोपेत. रात्री दोन तास जास्त वाचून ते झोपेअभावी पुसले जात असेल, तर कॉफीने अभ्यास वाढलेला नाही, पुस्तकासमोर बसण्याचे तास वाढले आहेत. सतरा वर्षांच्या मुलीला सकाळी किंवा दुपारी चारच्या आत एक कप चालेल. तिच्या खोलीत डबा ठेवू नका. गूळ-शेंगदाण्याचा डबा ठेवा, त्यालाही हात जातोच.

हाताशी असले की हात जातो

घाऊक खरेदीला माझा मुख्य आक्षेप हाच आहे. पावडर संपत आली की बरणीचा तळ दिसतो आणि आपण हात आखडतो. शंभराच्या बॉक्सला तळ दिसत नाही. कॉफी करायला पूर्वी दूध तापवावे लागे, भांडे घासावे लागे, तेवढ्या आळसाने एखादा कप टळत असे. मशीनने तो आळसही काढून घेतला. त्यात विक्रेता सांगतो की अमुक तारखेच्या आत वापरा. मग संपवायच्या म्हणून प्यायल्या जातात, पाहुण्याला नको असताना दिल्या जातात.

याउलट बाजूही सांगतो. घरात दोघे निरोगी प्रौढ आहेत, दोघांच्या मिळून रोज तीन कॅप्सूल होतात, चहा त्या प्रमाणात कमी केला आहे, तर शंभराचा बॉक्स त्यांना तेहतीस दिवस पुरतो. त्यांनी खुशाल घ्यावा. मोठ्या पाहणींमध्ये मध्यम प्रमाणात कॉफी पिणाऱ्यांत टाइप २ मधुमेह आणि यकृताचे आजार कमी दिसले आहेत. म्हणून कोणी कॉफी सुरू करावी असे मी म्हणत नाही, पण जो पितो त्याला घाबरवायचे कारणही नाही.

हिंगोलीचा उन्हाळा आणि बॉक्सवरची तारीख

वसमत-कळमनुरीकडच्या हळद उत्पादकांना साठवणूक शिकवायची गरज नाही. भाव येईल म्हणून माल ठेवला तर ओल, कीड आणि उष्णता त्याचे काय करतात हे त्यांना पाठ आहे. कॉफीचेही तसेच. कॅप्सूल हवाबंद असते म्हणून ती बरणीतल्या पावडरीपेक्षा जास्त टिकते. पण मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२-४३ च्या पुढे जातो आणि पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त. उष्णतेत कॉफीतली तेले खवट होतात, वास उडतो. काळी कॉफी अशाने विषारी होत नाही, फक्त बेचव होते. दूध पावडर असलेल्या कॅप्सूल आणि पुड्यांबाबत मी जास्त जपेन. बॉक्स माळ्यावर, खिडकीत, गॅसजवळ किंवा फ्रिजच्या डोक्यावर नको, खालच्या बंद कपाटात ठेवा. फुगलेली, चेपलेली किंवा झाकण सुटलेली कॅप्सूल टाकून द्या.

ऑनलाइन 'मेगा सेल'मध्ये जे अगदी स्वस्त मिळते ते पुष्कळदा तारीख जवळ आलेले असते. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, नोव्हेंबर २०२४ मध्ये ऑनलाइन विक्रेत्यांना सांगितले आहे की ग्राहकाच्या हाती माल पडताना त्याची किमान ३० टक्के मुदत किंवा ४५ दिवस शिल्लक असावेत. बॉक्स आला की आधी तारीख पाहा आणि भागिले करा. शंभर कॅप्सूल, ४५ दिवस, म्हणजे रोज दोनहून जास्त. तुमच्या घराची तेवढी गरज आहे का? बॉक्सवर एफएसएसएआयचा चौदा आकडी परवाना क्रमांक आणि माल परदेशी असेल तर आयातदाराचे नाव-पत्ता हवा. नसेल तर परत पाठवा.

अॅल्युमिनियमबद्दल हटकून विचारतात, म्हणून थोडक्यात. या कॅप्सूलना आतून अन्नासाठीचा लेप असतो आणि पाण्याचा संबंध काही सेकंदांचा येतो. मला त्याची चिंता वाटत नाही. ज्या घरात चिंचेचे सार, सांबार किंवा लोणचे अॅल्युमिनियमच्या भांड्यात ठेवले जाते, त्या घराने आधी ते भांडे बदलावे. कॅप्सूलचा कचरा हा मात्र खरा प्रश्न आहे. जर्मनीतील हॅम्बुर्ग शहराने २०१६ मध्येच सरकारी कार्यालयांसाठी कॅप्सूल खरेदी करणे बंद केले. आपल्याकडे निदान वापरलेली कॅप्सूल उघडून कॉफीचा चोथा झाडांना घालावा आणि धुतलेले अॅल्युमिनियम भंगारात द्यावे.

मशीन स्वच्छ ठेवा, हेही सांगायला हवे. स्पेनमधील वॅलेन्सिया विद्यापीठाच्या संशोधकांना २०१५ मध्ये अशा मशीनच्या खालच्या ट्रेमध्ये, जिथे कॉफीचे थेंब साचतात, जीवाणूंची चांगली वस्ती आढळली. ट्रे रोज धुवा, टाकीतले पाणी रोज बदला. बोअरचे जड पाणी वापरत असाल तर आत क्षार साचतात, तेव्हा माहितीपत्रकात सांगितल्याप्रमाणे ते काढत जा. आणि कॉफी उकळती घशाखाली ओतू नका. ६५ अंशांहून गरम पेये अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका वाढवत असण्याची शक्यता जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये नोंदवली आहे. चहालाही हेच लागू.

मग किती मागवाव्यात?

एक कागद घ्या. घरातल्या प्रत्येकाचे नाव लिहा, त्याच्यापुढे त्याचे चहाचे कप लिहा, मग त्याला उरलेल्या कॉफीच्या कॅप्सूल लिहा. गरोदर आहे, रक्त कमी आहे, रक्तदाब आटोक्यात नाही, झोप येत नाही, वय अठराच्या आत आहे, तर आकडा एक किंवा शून्य. बेरीज करून तीसने गुणा. तेवढ्याच मागवा, एका महिन्याच्या. संध्याकाळी हवीच असेल तर काही पाकिटे डिकॅफची घ्या, त्यात कॅफिन अगदी थोडे असते. सिप्रोफ्लॉक्सासिनसारखे प्रतिजैविक किंवा दम्यासाठी थिओफायलिन चालू असेल, तर तेवढे दिवस कॉफी थांबवा किंवा डॉक्टरांना विचारा, कारण या औषधांबरोबर कॅफिन अंगात साचते किंवा त्याचा त्रास वाढतो.

मुलाने प्रेमाने दोनशेचा बॉक्स आधीच पाठवला असेल, तर तो वाटून टाका. शेजारी, भाऊ, ऑफिस. पंधरा-वीस स्वतःला ठेवा.

आणि रोज पाच-सहा कप घेणाऱ्यांनी हा लेख वाचून उद्यापासून एकदम बंद करू नये. कॅफिन अचानक थांबले की बारा ते चोवीस तासांत डोके ठणकू लागते, दुसऱ्या दिवशी सर्वात जास्त, चिडचिड होते, मरगळ येते, आणि हे आठवडाभर चालू शकते. बॉक्स संपला आणि नवा यायला चार दिवस लागले, त्या चार दिवसांत 'मायग्रेन' घेऊन येणारे रुग्ण असतात. मग मेडिकलमधून सॅरिडॉन घेतली जाते. डोके थांबते, कारण त्या गोळीत वेदनाशामकांबरोबर कॅफिनही असते. दर तीन-चार दिवसांनी एक कप कमी करा, शेवटचा कप सकाळचा राहू द्या. एवढे करूनही डोकेदुखी आठ-दहा दिवसांच्या पुढे गेली, तर गोळ्या घेत बसू नका, रक्तदाब तपासायला या.